अभिजात कादंबऱ्यांवरचे अलीकडचे गंभीर चित्रपट कसे वाटले? पुस्तक आधी वाचावं का?

तुम्ही विचारलंय की गाजलेल्या जुन्या साहित्यकृतींवर गेल्या काही वर्षांत आलेले चित्रपट कसे आहेत आणि मूळ पुस्तक न वाचता पाहिले तर चालेल का. सगळ्यांसाठी एकच उत्तर नाही. पण 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'बद्दल (२०२२) मी आग्रहाने सांगेन: आधी पहिल्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकांवरची रेमार्कची मूळ कादंबरी वाचा.

एडवर्ड बर्गर यांचा हा जर्मन चित्रपट कच्चा आहे म्हणून नव्हे. त्याला चार ऑस्कर मिळाले आणि छायाचित्रणाचं तर मिळायलाच हवं होतं. सुरुवात विलक्षण आहे. मेलेल्या सैनिकाच्या अंगावरचा गणवेश उतरवतात, रक्त धुतात, भोकं शिवतात आणि तोच गणवेश नव्याने भरती झालेल्या नायकाच्या, पॉलच्या हाती येतो. आत दुसऱ्याच कुणाच्या नावाची पट्टी असते. पॉल ती दाखवतो, तर समोरचा कारकून ती फाडून टाकतो आणि गणवेश परत देतो. कादंबरीत हे नाही. तिथे मेलेल्या मित्राचे चांगले बूट एकाकडून दुसऱ्याकडे जात राहतात. बुटांच्या जागी गणवेश आला, पण माणसापेक्षा त्याच्या अंगावरच्या वस्तूला जास्त किंमत, हे रेमार्कचं म्हणणं जसंच्या तसं राहिलं. असा बदल मला फार आवडतो.

मला खटकतं ते पॉलची रजा गाळणं. कादंबरीत तो काही दिवस घरी येतो. आई कर्करोगाने अंथरुणाला खिळलेली. वडिलांना लढाईच्या गोष्टी ऐकायच्या असतात आणि त्याला एक शब्द सांगता येत नाही. गावातली प्रतिष्ठित मंडळी त्याला टेबलावर बसवून सिगार देतात आणि कुठला मुलूख जर्मनीने घ्यायला हवा, पॅरिसपर्यंत कशी धडक मारायची, हे त्यालाच समजावतात. मग तो बूटवाल्या त्या मेलेल्या मित्राच्या, केमेरिखच्या आईकडे जातो आणि तुमचा मुलगा तत्काळ गेला, त्याला काही कळलंही नाही, अशी खोटी शपथ घेतो. मुलगा तळमळत गेलेला असतो. माझ्या मते अख्ख्या पुस्तकातली सर्वांत खोल जखम हीच आहे, आणि ती खंदकात झालेली नाही. आपल्या माणसांत येऊनही पॉल परका झालाय.

या जागी चित्रपट आणतो युद्धबंदीच्या वाटाघाटी. जर्मनीकडून एर्त्झबर्गर, समोर फ्रेंच सेनानी फॉश, फ्रान्समधल्या कॉम्पियेन्यच्या जंगलातला रेल्वेचा डबा, बहात्तर तासांची मुदत. हा इतिहास खरा आहे आणि पडद्यावर चांगला उतरलाही आहे. त्याच्या जोडीला एक कल्पित सेनापती आहे, जो ११ नोव्हेंबर १९१८ला अकरा वाजायच्या जेमतेम आधी सैनिकांना शेवटच्या हल्ल्यावर पाठवतो, आणि पॉल त्यात मरतो. कादंबरीतला पॉल ऑक्टोबरमध्ये मरतो, तोही अशा शांत दिवशी की त्या दिवशीच्या लष्करी अहवालात आघाडीवर विशेष काही नाही एवढंच लिहिलं जातं. सेनापतीवर राग काढता येतो, आणि प्रेक्षक तो काढून मोकळा होतो. रेमार्क तशी सोय ठेवत नाही. त्याच्या पुस्तकात दोषी आहेत ते सिगार देणारे सभ्य गृहस्थ, शाळेतले मास्तर, अभिमानाने गणवेशाकडे बघणारे बाप. नाझींनी १९३३ साली हे पुस्तक का जाळलं, ते वाचताना सहज समजतं.

ग्रेटा गर्विगच्या 'लिटल विमेन'चं (२०१९) उलट आहे. लुइसा मे ऑल्कॉटची चार बहिणींची कादंबरी सरळ काळाच्या क्रमाने जाते. गर्विगने तो क्रमच मोडला. आधी मोठ्या झालेल्या बहिणी, थंड निळसर उजेडात, आणि मधूनमधून उबदार रंगांतलं बालपण. बेथ आजारी असताना तिची लेखिका बहीण 'जो' जागी होते, शेजारचं अंथरूण रिकामं दिसतं, ती जिना उतरून धावते आणि बेथ आईजवळ टेबलाशी बसलेली असते. काही वर्षांनंतर पुन्हा तोच जिना, पण या वेळी टेबलाशी आई एकटीच. दोन्ही प्रसंग एकमेकांत गुंफल्यामुळे दुसऱ्याचा घाव कितीतरी पटींनी बसतो. कादंबरीला जे पानोपानी सांगावं लागतं ते इथे दोन मिनिटांत होतं.

शिवाय सर्वांत धाकट्या एमीला इथे न्याय मिळालाय. पिढ्यान्‌पिढ्या वाचक तिला लाडावलेली, स्वार्थी समजत आले. एमी झालेली फ्लोरेन्स प्यू पॅरिसमधल्या स्टुडिओत बालपणीच्या शेजाऱ्याला, लॉरीला शांतपणे सांगते की लग्न झालं की बाईचा पैसा नवऱ्याचा, मुलंही त्याचीच, तेव्हा मी व्यवहार बघते म्हणून नावं ठेवू नकोस. आणि शेवटी 'जो' आपल्या कादंबरीसाठी प्रकाशकाशी घासाघीस करते: नायिकेचं लग्न लावून देते, पण हक्क माझे आणि मानधन ६.६ टक्के. ऑल्कॉटने स्वतः कधी लग्न केलं नाही. तिला पुस्तकात जे मोकळेपणाने लिहिता आलं नव्हतं ते या शेवटात आहे. हा चित्रपट तुम्ही पुस्तकाआधी पाहिलात तरी काही बिघडत नाही. फक्त पहिली वीस मिनिटं कोण केव्हाचं आहे हे बघायला उजेडाकडे लक्ष ठेवा.

जोएल कोएनचा 'द ट्रॅजेडी ऑफ मॅक्बेथ' (२०२१) नाटक न वाचताही बघा. शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मुळे कथा तुम्हाला माहीत असेल तर उत्तमच. कृष्णधवल, जवळजवळ चौकोनी चौकट, सगळं चित्रीकरण स्टुडिओच्या आत. डेन्झेल वॉशिंग्टन आणि फ्रान्सिस मॅकडॉर्मंड इथे उतारवयातलं जोडपं आहेत, त्यामुळे राज्याची हाव ही हातातून निसटलेल्या आयुष्याची शेवटची संधी वाटते. तिन्ही चेटकिणी एकटी कॅथरिन हंटर करते. तेवढ्यासाठीसुद्धा तो बघायला हवा.

२०२२चा 'परस्वेजन' मात्र टाळा. जेन ऑस्टिनची ॲन सत्तावीस वर्षांची, आठ वर्षांपूर्वी ठरलेलं लग्न दुसऱ्यांच्या सल्ल्याने मोडल्याचं दुःख गिळून बसलेली, आणि तिच्या मनातलं कुणालाच दिसत नाही म्हणून आपण पानं उलटत राहतो. इथे ती कॅमेऱ्याकडे बघून सगळं बोलूनच दाखवते. त्याऐवजी रॉजर मिशेलचा १९९५चा 'परस्वेजन' शोधा. त्यात अमांडा रूट नुसत्या नजरेने जे सांगते ते बघून तुम्ही कादंबरी आपणहून हातात घ्याल.