सर्वानुमते

अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. ग्रंथालयाचे कार्यवाह प्रोसिडिंगची, म्हणजे सभांच्या नोंदींची, वही घेऊन तुझ्या घरी आले. सभा झालेलीच नाही, तरी ठराव लिहून तयार, खाली सहा सह्या आणि सातवी जागा तुझी. आणि तू मला विचारतोस, "बाई, सगळ्यांनी केली आहे, मी नाही म्हटलं तर कृतघ्न ठरेन का?"

ठरशील. अध्यक्ष तुझ्या वडिलांचे मित्र, त्यांनीच तुला विश्वस्त मंडळावर घेतलं, तेव्हा काही दिवस बोल लागणारच. पण आधी ठराव बघू. ग्रंथालयाचे रस्त्याकडचे दोन गाळे कोषाध्यक्षांच्या जावयाला ३३ महिन्यांच्या कराराने द्यायचे, आणि एकाला एक लागून असे तीन करार एकाच दिवशी करायचे. ३३ च का, हे तुला कुणी सांगितलं नाही. मी सांगते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०, कलम ३६. इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमिनीला ही मर्यादा दहा वर्षांची आहे; विक्री, अदलाबदल आणि बक्षीस यांना मात्र परवानगी हवीच. म्हणजे ३६ महिन्यांच्या आत राहायचं म्हणून ३३. तिन्ही जोडले की ९९ महिने होतात, सव्वाआठ वर्षं. ही बेरीज करणाऱ्यांना ती नीट येते, म्हणून तर करार तीन आहेत.

न वाचता सही करायची नाही. वाचून पटलं नाही, तर तसं वहीत लिहून घ्यायचं. तोंडी सांगून भागत नाही. हे मी तुला पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलास तरी.

मी मुलींच्या वसतिगृहाच्या मंडळावर होते, तुला ठाऊक आहे. ते का सोडलं, ते तुला कधी सांगितलं नाही. आमच्याकडे नव्या न्हाणीघरांसाठी साठवलेले पैसे होते, बँकेत मुदत ठेवीत. एका सभेत ठराव आला की ते एका पतसंस्थेत ठेवू, दोन टक्के व्याज जास्त मिळतं. त्या पतसंस्थेत आमच्यातलेच एक जण संचालक होते. मला धाकधूक वाटली, आणि मी तसं म्हटलंही. "जरा विचार करू या," एवढंच. मग चहा आला आणि विषय पुढे सरकला. महिन्याभराने वही सहीला आली, तेव्हा कार्यवाहांच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं होतं: सर्वानुमते मंजूर. मी तो शब्द वाचला. अगदी नीट वाचला, आणि त्याखाली सही केली. चांगल्या माणसांशी एका शब्दावरून काय भांडायचं, असं वाटलं.

पतसंस्था बुडाली. विश्वस्त संस्थेचा पैसा कुठे गुंतवायचा हे कलम ३५ मध्ये लिहिलेलं आहे, आणि पतसंस्था त्यात बसत नाही. ऑडिटरने अहवालात ते लिहिलं. कलम ३४ प्रमाणे बेकायदा किंवा अयोग्य खर्च, नुकसान, विश्वासभंग हे त्याला लिहावंच लागतं. मी म्हणाले, मी विरोध केला होता. त्याने वही माझ्यापुढे सरकवली आणि "सर्वानुमते"वर पेन्सिल टेकवली. बोलायला काही उरलं नाही. माझ्या वाट्याची रक्कम मी निवृत्तीच्या पैशातून भरली, कुणी आदेश काढायच्या आधी भरली. न्हाणीघरं मात्र तेव्हा झाली नाहीत. पहाटे चारला थंडीत रांग लावणाऱ्या मुली मला आजही दिसतात.

म्हणून सांगते, लिहून घे. घोर निष्काळजीपणाने किंवा विश्वासभंगाने संस्थेचं नुकसान झालं, तर कलम ४० आणि ४१ खाली ते भरून द्यायचा आदेश माणसावर निघतो. कलम ४१ड खाली विश्वस्ताला निलंबित करता येतं, काढूनही टाकता येतं. तिथे "मला कुणी सांगितलं नाही" हे उत्तर चालत नाही. आणि का चालावं? खासगी न्यासांसाठी १८८२ चा जो कायदा आहे, त्यात म्हटलंय की साधारण शहाणा माणूस स्वतःच्या मालमत्तेची घेईल तेवढी काळजी विश्वस्ताने घ्यावी. मला तर ते कमीच वाटतं. स्वतःचं बुडालं तर आपण रडून मोकळे होतो. हे लोकांचं आहे.

राजीनामा देऊन सुटू, असं तू फोनवर म्हणालास तेव्हा मला राग आला. एक तर आधी केलेल्या सहीची जबाबदारी राजीनाम्याने जात नाही. दुसरं, मंडळातला बदल ९० दिवसांत चेंज रिपोर्टने धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. माझा राजीनामा कपाटात पडून राहिला आणि मी दोन वर्षं कागदोपत्री विश्वस्तच होते. आणि मुख्य म्हणजे, तू गेलास की सातवी सही करायला दुसरा कुणीतरी सापडेलच.

मी नंतर दुसऱ्या एका संस्थेत गेले. तिथे प्रत्येक इतिवृत्त शब्दन्‌शब्द वाचून मगच सही करायची. लोक मला आडमुठी म्हणायचे, सभा लांबते म्हणून कुरकुरायचे. दोन जुन्या मैत्रिणी बोलेनाशा झाल्या. त्याचं मला वाईट वाटतं, पण त्या वहीत माझे तीन विरोध नोंदवलेले आहेत आणि त्यातला एकही मी मागे घेणार नाही. कदाचित तेव्हाची एक सही पुसायचा हा माझा खटाटोप असेल. असू दे.

तू आता भांडू नकोस, कुणावर आरोपही करू नकोस. अध्यक्षांकडे जा, पाया पड, आणि सांग की सभा रीतसर बोलवा, संस्थेच्या घटनेत लिहिलंय तितक्या दिवसांची सूचना द्या, कोषाध्यक्षांना त्या विषयापुरतं बाहेर बसू द्या, गाळ्यांसाठी जाहीर निविदा मागवा. हेच पत्रात लिही, दोन प्रती काढ, एकीवर पोच घे. आणि सभेत तरीही मंजूर झालं, तर कार्यवाह लिहीत असताना त्यांच्या शेजारी बसून राहा. "बहुमताने" असं लिहिलेलं आणि खाली तुझं नाव व कारण दिसल्याशिवाय उठू नकोस.

रविवारी वहीच्या त्या पानाचा फोटो घेऊन ये. घटनेची प्रत मिळाली तर तीही आण.

तुझी
बाई