आयपीओच्या, म्हणजे कंपनीच्या पहिल्या जाहीर शेअरविक्रीच्या, कागदावर ‘रेड हेरिंग’ का लिहितात? हा मासा आहे ना?

मासाच आहे. इंग्रजीत ‘रेड हेरिंग’ म्हणजे चकवा असंही असतं, पण घाबरू नका, कंपनीने फसवणुकीची कबुली दिलेली नाही. शेअरची नेमकी किंमत किंवा संख्या अजून ठरायची आहे, अशा माहितीपत्रकाला आपल्या 2013च्या कंपनी कायद्याच्या कलम 32मध्ये हेच नाव आहे. ते आलं अमेरिकेतून. तिथे अशा कच्च्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर ‘हे अंतिम नाही’ अशी सूचना लाल शाईत छापत. म्हणून रेड हेरिंग. अर्ज करायचा की नाही, ते आतली पानं वाचून ठरवा.

रोजच्या इंग्रजीतला अर्थ मात्र वेगळा, आणि जास्त मजेदार. हेरिंग हा थंड समुद्रातला मासा, आपल्या तारलीच्या जातकुळीतला. पुण्यात गणेश पेठेच्या मासळी बाजारात मागितलात तर मावशी तारलीच हातात ठेवतील. हेरिंग खारवून भरपूर धुरी दिली की तांबूस होतो आणि घमघमतो. विल्यम कॉबेट नावाच्या इंग्रज पत्रकाराने 1807मध्ये लिहिलं, की लहानपणी त्याने असा मासा फरफटत नेऊन सशामागे लागलेली शिकारी कुत्री भलतीकडे वळवली होती. गोष्टीला मीठमसाला लावलेला असणार. पण नेपोलियन हरल्याच्या खोट्या बातमीमागे धावणाऱ्या वृत्तपत्रांना टोला म्हणून ती फिट्ट बसली आणि शब्द पक्का झाला.

तेव्हा रेड हेरिंग म्हणजे खऱ्या मुद्द्यापासून लक्ष उडवणारी गोष्ट. रहस्यकथेत ज्याच्यावर आपण शेवटपर्यंत संशय घेतो तो निष्पाप माळी, तो रेड हेरिंग. दर वेळी कुणी मुद्दाम करायला हवं असंही नाही. रोगाच्या निदानात भलतंच लक्षण डॉक्टरला चकवतं, त्यालाही हेच म्हणतात.

मराठीत एकच शब्द मिळत नाही. ‘बगल देणे’मध्ये आपण स्वतः सटकतो, ‘फाटे फोडणे’मध्ये विषय वाढवतो. ‘हूल’ मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण त्यात समोरचा धावत सुटतो.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गेल्या रविवारी एका काकूंनी विचारलं, “मार्चमध्ये टँकर किती आले?” खजिनदार म्हणाले, “ते सांगतो, पण आधी मला सांगा, पाहुण्यांच्या गाड्या जिन्याखाली कोण लावतं?” पुढचा पाऊण तास सगळे गाड्यांवर भांडले. चहा आला, सभा संपली. टँकर किती आले ते काकू अजून विचारतायत.