बोर्डाच्या कागदावर सही करण्याआधी

चि.
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. एमएचमध्ये, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलात, तुझं मेडिकल बोर्ड लागलंय, कंबरेचं दुखणं, नोकरी जेमतेम नऊ वर्षांची, आणि वॉर्डातले सगळे सांगतायत की सही कर नि घरी जा, पेन्शन आपोआप सुरू होईल. आपोआप काही सुरू होत नसतं बाबा. मी सगळी नोकरी युनिटच्या ऑफिसात कागद चाळण्यात घालवली. कागद बरोबर असेल तर फाइल सुरळीत पुढे सरकते, नसेल तर माणूस कितीही खरा असो, ती परत येते. फोनवर सांगितलेलं अर्धं विसरशील, म्हणून लिहून पाठवतोय.

बोर्ड तुझ्याबद्दल मुख्यतः दोन गोष्टी लिहिणार. पहिली, अपंगत्व किती टक्के. दुसरी, हा आजार सैन्यसेवेमुळे झाला का, किंवा झालेला आजार सेवेमुळे वाढला का. आपल्या पोरांचं सगळं लक्ष टक्क्यावर असतं. खरी मेख दुसऱ्या रकान्यात आहे. तिथं ‘होय’ आलं आणि टक्का वीस किंवा जास्त असला, तर बोर्ड-आऊट होणाऱ्याला, म्हणजे बोर्डाने घरी पाठवलेल्याला, पेन्शनचे दोन्ही भाग मिळतात: नोकरीबद्दलचा सर्व्हिस एलिमेंट आणि अपंगत्वाबद्दलचा डिसॅबिलिटी एलिमेंट. किमान नोकरीची अट आडवी येत नाही. तिथं ‘नाही’ आलं की उरते नुसती नोकरीला नालायक ठरल्याची इनव्हॅलिड पेन्शन. तीही पूर्वी दहा वर्षांच्या आत कुणाला मिळत नसे, ग्रॅच्युइटी हातावर ठेवून घरी पाठवत. 2020 च्या आदेशाने 4 जानेवारी 2019 ला किंवा त्यानंतर नोकरीत असलेल्यांसाठी ती दहा वर्षांची अट काढली, पण तू नागरी नोकरीलाही नालायक ठरला पाहिजेस अशी दुसरी अट घातली. थोडक्यात, त्या एका रकान्यावर तुझ्या पुढच्या चाळीस वर्षांचा हिशोब आहे.

टक्क्याचंही गणित सांगतो. शंभर टक्के अपंगत्वाला डिसॅबिलिटी एलिमेंट शेवटच्या पगाराच्या 30 टक्के असतो. धर, हिशोबात धरायचा पगार 40,000 आहे. शंभर टक्क्यांना 12,000, मग वीस टक्क्यांना 2,400. पण बोर्ड-आऊट झालेल्याचा पन्नासच्या आतला टक्का पेन्शनसाठी पन्नास धरतात, म्हणजे 6,000. नियत वेळी निवृत्त होणाऱ्यांनाही हा फायदा द्या, असं सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये राम अवतार यांच्या खटल्यात सांगितलं होतं. तेव्हा बोर्डाने वीस लिहिले की तीस, यावर डॉक्टरांशी हुज्जत घालत बसू नकोस. एकोणीस आणि वीस यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे लक्षात असू दे.

आता तुझ्या हातात काय आहे ते बघ. बोर्डाच्या फॉर्ममध्ये तुझं स्वतःचं निवेदन असतं, आणि तुझ्या ड्युटीबद्दल युनिटचं म्हणणंही असतं. निवेदन भरताना डॉक्टर किंवा नर्सिंग असिस्टंट सहज विचारतो, ‘कब से है?’ आणि आपला माणूस भिडेपोटी म्हणून जातो, ‘पहले से थोडा-थोडा था, साहब.’ झालं! ते वाक्य कागदावर उतरलं की आजार भरतीच्या आधीचा ठरला. अरे, भरतीच्या मैदानावर सोळाशे मीटर धावलास, बीम मारलेस, मेडिकल पास झालास, तेव्हा कुणी कंबरेला बोट लावलं होतं का? खोटं काही सांगू नकोस, पण नसलेलं दुखणं नम्रतेपायी अंगावरही घेऊ नकोस. कुठल्या पोस्टवर होतास, उंची किती, पाठीवर काय असायचं, पहिल्यांदा कधी कळ आली, कधी सिक रिपोर्ट केलास, कुठल्या एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, गोळ्या घेतल्यास, सगळं तारखेनिशी लिही. तू लिहिलंयस की लोड उतरवताना पाय घसरून पडलास. त्या वेळचा इंज्युरी रिपोर्ट भरलेला आहे का, हे आजच्या आज हेड क्लार्ककडे जाऊन बघ. नसेल तर सीएचएम (कंपनी हवालदार मेजर) साहेबांमार्फत अर्ज दे, सोबत असलेल्या जवानांची नावं घाल. ती पोरं उद्या पोस्टिंगवर दहा दिशांना पांगतील.

बोर्डाने ‘नाही’ लिहिलंच, तरी सगळं संपलं असं समजू नकोस. धर्मवीर सिंग नावाचा सिग्नल्सचा शिपाई 1985 मध्ये भरती झाला, 1994 मध्ये फिट येण्याच्या आजारामुळे वीस टक्के अपंगत्व देऊन घरी पाठवला गेला आणि पेन्शन नाकारली गेली. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला: भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असंच मानायचं, आजार सेवेमुळे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, जवानाची नव्हे, आणि बोर्डाला मत द्यायचं तर कारण लिहावं लागेल. या एका निकालावर असंख्य जवानांच्या पेन्शनी उभ्या राहिल्या. पण तुला बाहेर चहाच्या टपरीवर कुणी सांगेल की ‘त्या निकालावर हमखास मिळतं’, तर त्याचं पूर्ण ऐकू नकोस. 21 सप्टेंबर 2023 पासून बोर्ड-आऊट आणि निवृत्तीसाठी नवे नियम लागू झालेत, ते जुन्यांपेक्षा कडक आहेत. तुझी केस नव्या नियमांतली. म्हणूनच इंज्युरी रिपोर्टवर मी इतका जोर देतोय.

बोर्डाच्या पूर्ण कार्यवाहीची प्रत मागून घे. मिळाली नाही तर घरी आल्यावर रेकॉर्ड ऑफिसला माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून अर्ज कर, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तुझं रेकॉर्ड बेळगावला, तेवढं एक बरं; अडलंच तर सकाळची एसटी धरून जाऊन येता येतं. नकाराचं पत्र आलं की सहा महिन्यांत पहिलं अपील, तिथंही नकार आला तर दुसरं. मग सशस्त्र सेना न्यायाधिकरण, ज्याला आपण एएफटी म्हणतो. कायदा 2007 चा, आपल्यासाठी खंडपीठ मुंबईला आहे. अपिलाचे टप्पे न करता थेट तिथं गेलास तर आधी खालची पायरी चढून या म्हणतील. आणि उशीर करू नकोस. पेन्शनचा हक्क दर महिन्याचा असल्यामुळे उशिरा गेलेल्यालाही दार उघडतं, पण थकबाकी साधारणपणे अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. दहा वर्षं गप्प बसलेल्याची सात वर्षं पाण्यात.

वकिलाबद्दल एकच सांगतो. एरिअर्समधला अमुक टक्का द्या, आत्ता फी नको, असं म्हणणाऱ्याला लांबूनच रामराम कर. असा करार बार कौन्सिलच्या नियमांत बसतच नाही. त्यापेक्षा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. नालसाने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने) 26 जुलै 2025 ला ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली, तिच्यातून सैनिक कल्याण कार्यालयांत कायदेशीर मदत केंद्रं उघडतायत. स्त्रियांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नसते, हे गावातल्या वीरनारींनाही सांग. त्यांना कुणी सांगत नाही.

आता जी गोष्ट तुला किरकोळ वाटेल, ती. तुझ्या बायकोचं नाव. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर एक नाव, लग्नात तांदळावर अंगठीने लिहिलेलं दुसरं, आणि आधार कार्डवर ऑपरेटरने ऐकलं ते तिसरं. पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे युनिटने तुझ्या घरच्यांची नोंद केलेल्या कागदात, यातलं कुठलं आहे? मुलांच्या जन्मतारखा पडल्यात का? नोकरीत आहेस तोवर ही दुरुस्ती युनिटच्या ऑफिसातून होते. गेटच्या बाहेर पडलास की प्रतिज्ञापत्र, राजपत्र, तहसील, रेकॉर्ड, परत तहसील. तू असेपर्यंत ती चूक कुणाला टोचत नाही. टोचते ती नंतर, फॅमिली पेन्शन मागायला ती माउली एकटी जाते तेव्हा. आमच्या माजी सैनिक संघटनेत येणाऱ्या बायांच्या निम्म्या फायली नावाच्याच असतात.

निघण्याआधी डिस्चार्ज बुक नीट वाचून घे, पीपीओतला (पेन्शनच्या आदेशातला) बँक खात्याचा आकडा स्वतः ताडून बघ, एएफपीपी फंड (आपला भविष्य निर्वाह निधी) आणि एजीआयएफचं (आर्मीच्या सामूहिक विम्याचं) किती मिळणार ते ऑफिसातून लिहून आण. बोर्ड-आऊट होणाऱ्याला एजीआयएफकडून अपंगत्वाची वेगळी रक्कम असते. मागितली का, हे विचार.

घरी आल्यावर पहिलं काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवून ओळखपत्र काढणं. त्या एका कार्डावर पुढचं बरंच अवलंबून आहे: राज्याच्या क आणि ड गटातल्या नोकऱ्यांतलं 15 टक्के आरक्षण, एका घराची घरपट्टी माफ, पोरं मोठी झाली की शिष्यवृत्तीचे अर्ज. घरपट्टीसाठी ग्रामसेवकाकडे नुसतं तोंडी बोलू नकोस, अर्ज दे आणि पोच घे. पेन्शन मंजूर झाली की ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड कर, बायको-पोरांसकट. तातडीच्या वेळी जवळच्या कुठल्याही दवाखान्यात भरती झालात तरी 48 तासांच्या आत ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकला कळवायचं, नाहीतर बिलाचं घोडं अडतं.

पेन्शन आता स्पर्श या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरून येते. दर वर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नकोस. आणि ‘स्पर्श ऑफिस से बोल रहा हूँ’ असा फोन आला तर ठेवून दे. ओटीपी मागणारं असं कुठलंही ऑफिस नसतं.

तू आणखी एक विचारलंयस, गावात लोक ‘पळून आला’ म्हणतील का. काही म्हणतील. चार दिवस पारावर विषय होईल, मग ऊस तोडणी सुरू होईल. त्यासाठी मेडिकल कॅटेगरी (दुखण्याचा शेरा) लपवून आणखी दोन वर्षं काढायचा तुझा विचार मात्र सोडून दे. कंबर आणखी जाईल, आणि ‘माहीत असून सांगितलं नाही’ असा शेरा वर येईल.

बोर्डाची तारीख कळव. त्याआधी निवेदनाचा कच्चा मसुदा लिहून फोटो पाठव, मी बघतो. आणि सूनबाईंना सांग, माहेरी जाऊन शाळेचा मूळ दाखला घेऊन ठेवायला. झेरॉक्स चालत नाही.

तुझा,
सुभेदार काका