सुकलेल्या कुरणात लव्हाळा परत कसा आणायचा?

प्रश्न : अमेरिकेच्या सिएरा नेवाडा पर्वतातल्या ओल्या कुरणांविषयी वाचताना ‘नेब्रास्का सेज’ हे नाव वारंवार येते. हे गवतच ना? कुरण सुकले की ते नाहीसे होते म्हणतात. मग नुसते बी टाकून परत का येत नाही?

उत्तर : गवत नव्हे, लव्हाळ्याच्या कुळातली वनस्पती आहे. शास्त्रीय नाव कॅरेक्स नेब्रासेन्सिस. दांडा चिमटीत धरून फिरवला की तीन कडा बोटांना लागतात. गवताचा दांडा गोल आणि पेरांचा असतो. पाने निळसर हिरवी.

तिचा खरा संसार जमिनीखाली. आडवी खोडे मातीतून पसरतात, त्यांतून कोंब फुटतात आणि बारीक मुळांची दाट जाळी ओढ्याचा काठ बांधून ठेवते. हे सगळे पाण्याच्या पातळीवर अवलंबून. उभ्या पाण्यात तिचीच बहीण कॅरेक्स युट्रिक्युलाटा, त्याला लागून नेब्रास्का सेज, थोड्या कोरड्या कडेला डेशाम्प्सिया गवत आणि जंकस बाल्टिकस ही लव्हाळ्यासारखी दिसणारी वनस्पती. ओढा खोल कापत गेला की भूजल खाली उतरते. मग केंटकी ब्लूग्रास हे गवत शिरते आणि शेवटी सेजब्रशची झुडपे. (या झुडपातला ‘सेज’ वेगळा. ती आर्टेमिसिया, म्हणजे दवण्याच्या प्रजातीतली. देवनागरीत दोन्ही शब्द सारखेच, म्हणून घोटाळा होतो.)

तेव्हा आधी पाणी, मग रोप. ओढ्याचा तळ वर आणून भूजल चढवल्याशिवाय लावणी म्हणजे पैसे मातीत घालणे. बी उगवायला उजेड लागतो. मातीत पुरले तर ते पडून राहते. म्हणून ओल्या थंडाव्यात महिनाभर ठेवून, वाफ्याच्या पृष्ठभागावर नुसते दाबायचे; वर माती टाकायची नाही. हरितगृहात ३२ ते ३८ अंश सेल्सिअस ऊब आणि सतत ओल हवी. एकदा वाफा वाळला की संपले. उघड्या कुरणात इतके सगळे जुळून येणे कठीण, म्हणून तयार रोपेच लावलेली बरी. अंतर साधारण ४५ सेंटिमीटर. मधली जागा आडवी खोडे भरून काढतात. नवी रोपे पाण्याखाली पूर्ण बुडू द्यायची नाहीत, पानांचे शेंडे वर राहिले पाहिजेत.

प्रश्न : चराई पूर्ण बंद करावी का?

उत्तर : नव्या लावणीत हो, मुळे घट्ट धरेपर्यंत. जुन्या कुरणात माफक चराई चालते, कारण जनावराने पाने खाल्ली तरी वाढीचा शेंडा बुडाशी असतो. हंगामाअखेर १० ते १५ सेंटिमीटर खुंट उभे राहिले पाहिजेत. पुराच्या वेळी तेच गाळ अडवतात. खाण्याइतकेच भय खुरांचे. माती चिंब असताना जनावरे सोडली तर जमिनीत खळगे पडतात, काठ ढासळतो आणि आडवी खोडे तुटून उघडी पडतात.