पेस्टिंगची टोळी येण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी यंदा तू एकट्याने अंगावर घेतलीस, ऐकून बरं वाटलं. बाग कशी धरायची ते दिंडोरी-निफाडात तुला दहा जण सांगतील. मला पेस्टिंगबद्दल बोलायचंय.

छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून आपण काडीला हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावतो, तेच पेस्टिंग. युरोपीय संघाने 2008 साली त्याला मंजुरी नाकारली, आपल्याकडे मात्र ते सर्रास चालतं. पेठ-सुरगाण्याच्या बायका फडकं बुडवून काडी न् काडी पुसत जातात. द्रावण मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं. बोटांच्या बेचक्यांतली साल निघते, तरी म्हणतात, "मालक, एवढं चालायचंच." चालायचं नाही, बाळा.

दारूची गोष्ट तर त्याहून वाईट. हे रसायन अंगात गेलं की दारू पचवणारं विकर काम करेनासं होतं आणि दारूचं अंगातच विष होतं. माझ्या बागेतला एक गडी दिवसभर पेस्टिंग करून रात्री थोडीशीच प्यायला. तोंड लालबुंद, छातीत धडधड, श्वास पुरेना. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "औषध कोणतं होतं?" बाटली बागेत राहिलेली, मला नाव आठवेना. गडी वाचला, पण ती लाज अजून गेलेली नाही. म्हणून टोळीला पहिल्या सकाळीच सांग: कामाच्या आधी आणि नंतरही काही दिवस दारू बंद. लेबलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेव.

फवारणीचंही तेच. 2017 साली यवतमाळात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसेक माणसं गेली. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, फवारा तोंडावरच येत होता. आपल्या मांडवाखाली वेगळं काय होतं? तोंडाला बांधलेला रुमाल भिजला की तेच विष नाकाशी धरून ठेवतो. आणि ते कपडे आईच्या धुण्यात टाकू नकोस, वेगळे धू.

2010 साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून युरोपात आपली द्राक्षं अडकली. तेव्हापासून मण्यातला अंश आपण डोळ्यांत तेल घालून तपासतो. त्या बायकांच्या हातांकडे कोण बघतं?

टोळी सोमवारी येणार म्हणालास. त्याआधी नाशिकला जाऊन रबरी हातमोजे आण, पण लहान मापाचे. मोठे बायकांच्या हातात सैल पडतात, मग त्या काढून तारेला अडकवून ठेवतात.

तुझा,
काका