सहा शर्ट, चार पँट आणि पावसाळा

प्रश्न : मी जयसिंगपूरचा. येत्या जूनमध्ये मुंबईत फोर्ट भागातील एका विमा कंपनीच्या कार्यालयात रुजू होत आहे. राहण्याची सोय डोंबिवलीला झाली आहे, त्यामुळे रोज लोकलने जावे-यावे लागेल. आतापर्यंत जीन्स आणि टी-शर्टच वापरले. कार्यालय सहा दिवस असते आणि फॉर्मल कपडे हवेत, मात्र टायची सक्ती नाही. 15,000 रुपयांत काय काय घ्यावे?

उत्तर : खरेदीची यादी करण्याआधी कपडे आठवड्यातून किती वेळा धुतले जातील आणि डोंबिवलीच्या खोलीत ते वाळायला किती वेळ लागेल, याचा हिशेब मांडा, कारण शर्टांची संख्या त्यावरूनच ठरते. लोकलच्या गर्दीत घामेजलेला शर्ट दुसऱ्या दिवशी घालता येत नाही. तुम्ही रुजू होणार तेच मुळी पावसाच्या तोंडावर, आणि त्या दिवसांत खोलीत वाळत घातलेल्या सुती शर्टाला दोन दिवस सहज लागतात. सोमवार ते बुधवारचे तीन शर्ट बुधवारी रात्री धुतले, तर ते शनिवारपर्यंत वाळून इस्त्री होतात. गुरुवार ते शनिवारचे तीन रविवारी धुतले, तर बुधवारपर्यंत तयार होतात. म्हणजे सहा शर्टांत भर पावसाळ्यातही आठवडा निभावतो. पँट एक दिवस आड करून दोनदा घालता येते, त्यामुळे एरवी तीन पुरतात. पण पावसात तिच्या पायांवर चिखल उडतो, म्हणून चौथी हवी.

रंगांच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. पहिल्या वर्षी कोणतीही पँट कोणत्याही शर्टावर चालली पाहिजे. दोन पांढरे, दोन फिकट निळे, एक बारीक निळ्या रेघांचा आणि एक फिकट राखाडी, असे सहा शर्ट घ्या. पँट गडद निळी, गडद राखाडी, मध्यम राखाडी आणि एखादी गडद तपकिरी घ्या. काळी पँट बहुतेक जण सर्वांत आधी उचलतात, परंतु सुती काळा रंग धुण्यागणिक विटतो आणि तिच्यावरचा धागान्‌धागा दिसतो. शर्ट पूर्ण बाह्यांचेच असावेत. उकडले तर बाह्या दुमडता येतात.

कापडाकडे लोक रंगापेक्षा कमी लक्ष देतात, याचे मला नेहमी वाईट वाटते, कारण दिवसभराचे सुख कापडावरच अवलंबून असते. शर्टासाठी सुती कापड घ्या. पॉपलिन पातळ असते आणि उकाड्यात बरे वाटते, पण डब्यातून उतरेपर्यंत त्याला चुण्या पडतात. ऑक्सफर्ड विणीचे कापड थोडे जाड असले तरी त्याच्या चुण्या कमी जाणवतात, म्हणून दोन्हींचे निम्मे निम्मे शर्ट करा. संपूर्ण पॉलिएस्टरचा शर्ट इस्त्रीचा त्रास वाचवतो हे खरे, परंतु पॉलिएस्टर घाम शोषत नाही आणि वास मात्र धरून ठेवते. पँटच्या बाबतीत उलट सल्ला देईन. पॉलिएस्टर आणि व्हिस्कोस यांच्या मिश्रणाचे पँटपीस लवकर वाळते आणि त्याची इस्त्रीची घडी टिकते. सुती पँट पावसाळ्यात लवकर वाळत नाही आणि तिची घडीही दिवसभर राहत नाही.

इचलकरंजी तुमच्या घरापासून जवळ आहे. तेथील यंत्रमागांचे शर्टिंग तुमच्या भागातल्या दुकानांतही मिळते, तेव्हा निदान तीन-चार शर्ट गाव सोडण्यापूर्वी शिवून घ्या. 58 इंच पन्ह्याचे 1.60 मीटर कापड मध्यम बांध्याच्या पूर्ण बाह्यांच्या शर्टाला पुरते. सुती कापड आटते, म्हणून ते आधी पाण्यातून काढून वाळवून मगच टेलरकडे द्या. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर संपावी, कॉलरचे बटण लावल्यावर आत दोन बोटे जावीत आणि बाही मनगटाच्या हाडापर्यंत यावी, एवढे तीन मुद्दे पहिल्या शर्टाच्या वेळीच तपासा आणि तो अंगाला नीट बसल्यावरच बाकीचे कापायला सांगा. पँटला कमरेत आणि पायाशी दाब ठेवायला अवश्य सांगावे, कारण नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत अनेकांची कंबर वाढते.

रकमेपैकी सुमारे 4,000 रुपये बूट आणि पट्ट्यासाठी बाजूला काढा आणि दोन्ही एकाच रंगाचे घ्या. सगळी रक्कम मेमध्येच संपवू नका; निदान 2,000 रुपये राखून ठेवा. महिनाभर कार्यालयात वावरल्यावर कशाची उणीव भासते ते कळेल.

प्रश्न : माझे पती पांढरे शर्ट वापरतात. काखेत पिवळे डाग पडतात आणि कॉलर घासून फाटते. बाकीचा शर्ट चांगला असतो. टाकून द्यावा का?

उत्तर : टाकू नका. घाम आणि घाम रोखणाऱ्या डिओडरंटमधील ॲल्युमिनियमचे क्षार एकत्र येऊन हे डाग पडतात, आणि क्लोरिनयुक्त ब्लीचने ते बऱ्याचदा अधिकच पिवळे होतात. डिओडरंट पूर्ण सुकल्यावर शर्ट घालणे, आत बाह्यांचा बनियन वापरणे आणि घरी आल्याबरोबर काखेचा भाग थंड पाण्यात भिजवणे, एवढ्याने नवे डाग बरेच टळतात. डाग असताना इस्त्री फिरवू नये, कारण उष्णतेने तो पक्का होतो. कॉलरची शिवण उसवून ती उलटी करून पुन्हा बसवता येते. जुन्या टेलरांना हे काम चांगले ठाऊक असते. आतली न घासलेली बाजू वर आली की तोच शर्ट आणखी बराच काळ कार्यालयात घालता येतो.

प्रश्न : पावसाळ्यात चामड्याच्या बुटांना बुरशी येते. काय करावे?

उत्तर : प्रवासात रबरी सँडल घाला आणि चामड्याचे बूट कार्यालयातच ठेवून तेथे बदला. बूट भिजलेच, तर आत वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली वाळवा. उन्हात किंवा गरम जागेजवळ ठेवल्यास चामड्याला भेगा पडतात. बुरशी दिसली, तर घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसा, बूट पूर्ण वाळू द्या आणि मगच पॉलिश लावा. प्लास्टिकच्या पिशवीत ते कधीही बांधून ठेवू नका. शक्य असल्यास दोन जोड आलटून पालटून वापरा, कारण दिवसभरात मुरलेला घाम सुकायला चामड्याला एक दिवस मोकळा लागतो.