हायवेला हजारो कोटी मिळतात, मग एसटीला पैसे का नाहीत?

कारण दोघांचे पैसे येतात वेगवेगळ्या खिशातून. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, खर्च ५५ हजार कोटींच्या आसपास, पण त्यातला मोठा भाग रस्ते विकास महामंडळाने काढलेलं कर्ज आहे, ते टोलमधून वर्षानुवर्षं वसूल होणार म्हणून बँका पैसे देतात. नॅशनल हायवे केंद्राचे, त्यांना पेट्रोल-डिझेलवरच्या सेसचा, म्हणजे रस्ते वगैरेंसाठी लावलेल्या जादा कराचा, पैसा पण मिळतो.

एसटीचं तसं नाहीये ना, तिची मुख्य कमाई तिकिटाची. ७५ वर्षांवरच्यांना मोफत आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, हे चांगलंच झालं, माझी आई आता दर महिन्याला मावशीकडे जाते, पण सवलतीची रक्कम सरकारने एसटीला भरून द्यायची असते आणि ती लांबली की पगार अडकतात, डेपोत टायर नसतात. वर एसटीच्या डिझेलवर तोच सेस लागतो, म्हणजे खेड्यातली बस हायवेला पैसे देते! मला हे अजिबात पटत नाही. सेसमधला ठराविक वाटा नवीन बससाठी कायद्यानेच बाजूला ठेवायला पाहिजे, दर बजेटला हात पसरायला लावू नये.